मेंढीचं, असं मोठ्या अक्षरांत

हौसाबाई, परवा तुझ्या बापूचा फोन आला. "ताई, आईवर चार ओळी लिहून द्या. संस्थेच्या अहवालात फोटोखाली छापायच्यात." मी लगेच लिहायला बसले. जन्म, गाव, लग्न, मेंढपाळ महिलांच्या दूध संस्थेची स्थापना, अध्यक्षपद, पश्चात मुलगा, सून, दोन नातवंडं. लिहून झाल्यावर वाचलं आणि वाटलं, कागदावरची ही बाई मला भेटली असती तर मी तिच्याशी दोन मिनिटंही बोलले नसते. कागद बाजूला ठेवला. बापूला चार ओळी दुसऱ्या कुणाकडून मिळतील. मला तुझ्याशीच बोलायचंय.

तू गेलीस त्याला अठरा दिवस झाले.

पहिली दोन वर्षं मी तुला अहो-जाहो करत होते. आमच्या शनिवार पेठेत भाजीवालीलाही 'अहो' म्हणतात. त्यात आदर किती आणि अंतर किती, ते ज्याचं त्यानं ओळखायचं. तू ओळखलंस. एकदा म्हणालीस, "ताई, मी एकलीच हाय. तुमी-तुमी करून मला किती जणी करतीस?" त्या दिवसापासून तू.

आपली पहिली भेट खडकीतली. तिथल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी दूध तपासायचे. दिवसभर आम्लाचा वास, काचेच्या नळ्या आणि डेअऱ्यांकडून आलेले नमुने. त्या सकाळी तू बाहेरच्या पायऱ्यांवर बसली होतीस. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली किटली. शिपायानं दोनदा उठवलं, तू दोनदा परत बसलीस. वाकडहून चालत आली होतीस. तेव्हा वाकड म्हणजे शेतंच होती. दिवाळीनंतर तुमचे कळप तिकडे यायचे, खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवायचे, आणि मग तुम्ही मुळशीकडून खाली कोकणात उतरायचा. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की एक लुगड्यातली बाई शिपायाला जुमानत नाही.

"काय काम आहे?" मी विचारलं.

"ह्यात पीठ हाय का, तेवढं बघून दे."

आदल्या दिवशी तू वाकडजवळच्या एका डेअरीत दूध घालायला गेली होतीस. मेंढीचं दूध, हे तू आपणहून सांगितलंस. डेअरीवाल्यानं बोट बुडवून बघितलं आणि म्हणाला, मेंढीचं कुठलं एवढं घट्ट असायला, पीठ कालवलंय. आणि चारचौघांसमोर त्यानं ते मातीत ओतून दिलं.

मी आयोडिनचा थेंब टाकला. पीठ असतं तर दूध निळं झालं असतं. झालं नाही. फॅट काढली तर आकडा सातच्याही पुढे. मला वाटलं माझंच चुकलं. दुसऱ्यांदा काढली, तिसऱ्यांदा काढली. तू प्रत्येक वेळी नळीकडे बघत होतीस, जणू आतून लेकरू बाहेर येणार आहे.

"शुद्ध आहे," मी म्हटलं. "म्हशीपेक्षा सरस आहे."

"मंग लिहून दे."

"लेखी हवं तर अर्ज संस्थेच्या नावानं यावा लागतो. एकट्या माणसाला आम्ही कागद देत नाही."

हौसाबाई, नियम होता हे खरं. पण मी तो सांगितला तुला घालवायला. माझी जेवणाची सुट्टी सुरू झाली होती.

"संस्था म्हंजी?"

"दहा-वीस घरांनी एकत्र यायचं. नोंदणी करायची."

"बाया चालत्यात?"

"न चालायला काय झालं?"

"बरं," म्हणालीस, आणि किटलीत उरलेलं दूध माझ्या डब्याच्या झाकणात ओतलंस. "पी. पीठ न्हाई ह्यात, तूच म्हणालीस."

तू वळलीस, मी ते बेसिनमध्ये ओतलं. कच्चं दूध, उग्र वास, आणि आपण कशाला. डेअरीवाल्यानं तुझ्यासमोर ओतलं, मी तुझ्या पाठीमागे. इतक्या वर्षांत हे तुला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं तरी कसं म्हणू? सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तू पुन्हा त्याच पायऱ्यांवर. या वेळी किटली नव्हती, कागद होता. वहीचं फाडलेलं पान, त्यावर बावीस अंगठे. प्रत्येक अंगठ्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं नाव लिहिलेलं. "घे, संस्था," म्हणालीस.

ते पान हातात घेतल्यावर मला काय झालं ते सांगता येत नाही. मी टाळायला बोललेलं वाक्य तू खरं मानून वर्षभर माळामाळानं हिंडलीस. कोकणात, घाटात, परतीच्या वाटेवर, जिथे जिथे दुसरा कळप भेटला तिथे त्या घरच्या बाईशी बोललीस. काहींचे नवरे म्हणाले, कोकराच्या तोंडचं काढून शहराला पाजणार का? तुझा नवराही तेच म्हणाला होता. तू त्यांना नियम सांगितलास: कोकरू पोटभर प्यायल्यावर उरेल तेवढंच संस्थेचं. ज्या घरचं कोकरू रोडावेल त्या घरचं दूध बंद. तो नियम आजतागायत कुणी मोडला नाही.

मी रजा टाकली आणि तुझ्याबरोबर नोंदणीच्या कचेरीत आले. तिथल्या लेखनिकांनी अर्ज वाचायला घेतला.

"कार्यक्षेत्र?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "संस्था कुठल्या भागात काम करणार, ते."

"मेंढरं जातील तिथवर," तू म्हणालीस.

"बाई, मेंढरं कुठंही जातील. मला तालुका लागतो."

"मंग तुमीच चला संगं. बघा कुठला-कुठला लागतोय."

लेखनिक अस्सल पुणेरी होते. हसणं ओठांच्या आतच ठेवलं. चार खेपा घालायला लावल्या त्यांनी, पण शेवटी त्यांनीच तीन तालुक्यांची नावं सुचवली आणि तुमच्या गावच्या देवळाचा पत्ता संस्थेचा पत्ता म्हणून लिहून घेतला. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "पहिल्यांदाच कुणी इचारलं, आमी कुठं-कुठं जातो ते."

दुधाचं पुढे काय करायचं हा प्रश्न होता. दूध म्हणून घ्यायला कुणी तयार नव्हतं. मग दही. कर्वेनगरात एक गाळा घेतला, शेगडी आणली, जुना फ्रीज आणला. दिवाळीनंतर कळप जसजसे सरकतील तसतशी दूध गोळा करायची जागा सरकायची. कधी वाकड, कधी हिंजवडी, कधी पौड. रोज सकाळी कॅन यायचे. मी थर्मामीटर आणला होता. तू करंगळी बुडवायचीस आणि म्हणायचीस, "लाव आता विरजण." मी थर्मामीटर बघायचे. तुझी करंगळी एकदाही चुकली नाही, याचा मला त्या वेळी रागच यायचा.

दही असं लागायचं की चमचा उभा राहायचा. तरी विकत घेणार कोण? मी तुला शनिवार पेठेतल्या आमच्या नेहमीच्या दुकानात घेऊन गेले. मालकांनी चष्म्यावरून बघितलं.

"मेंढीचं? आमच्याकडे माणसं येतात."

तू शांतपणे म्हणालीस, "माणसंच खात्यात हे. मेंढरं गवत खात्यात."

दुकानात गिऱ्हाईकं होती. एक आजोबा खो-खो हसले. मालकांनी चार वाट्या ठेवून घेतल्या, हसं झाल्यावर काहीतरी करायचं म्हणून. त्या चारातली एक आजोबांनीच नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

आता ते सांगते, जे आपल्या दोघींना माहीत आहे आणि ज्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही.

दुकानं वाढली तशी वाट्यांवर चिकटवायला लेबल हवं झालं. तू सांगितलं होतंस, 'मेंढीचं दही', मोठ्या अक्षरांत. माझं म्हणणं होतं, लोक नाव वाचूनच हात मागे घेतील. आपण त्यावर दोन दिवस भांडलो. तिसऱ्या दिवशी मी छापखान्यात एकटी गेले. लेबल छापून आणलं: मोठ्या अक्षरांत 'पठारी दही', आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत मेंढीचा उल्लेख. तुला वाचता येत नव्हतं. तू लेबलावरून अंगठा फिरवून म्हणालीस, "झ्याक दिसतंय." मी गप्प बसले. तीन आठवडे गप्प होते. दही जरा जास्त खपत होतं आणि मी स्वतःला सांगत होते की बघ, आपलंच बरोबर होतं.

मग एका सकाळी गाळ्यावर वैशाली आली. जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजातली मुलगी, यवतमाळकडची, कर्वेनगरात खोली घेऊन राहणारी. तिनं वाटी उचलली, फिरवली आणि डोळे बारीक करून वाचलं. "मावशी, हे मेंढीचं आहे? मग एवढं बारीक का लिहिलंय? वर तर पठारी दही लिहिलंय."

तू माझ्याकडे बघितलंस. वैशालीला काही कळलं नाही, ती बोलतच होती. "आमच्या आजोबांच्या मेंढ्या होत्या. घरी असंच दही असायचं. इथे मी कुणाला सांगितलं नाही. रूममेट्स चिडवतील म्हणून." वाटी घेऊन ती गेली.

तू आवाज चढवला नाहीस. बराच वेळ कॅनची झाकणं धूत राहिलीस. मग म्हणालीस, "त्या डेअरीवाल्यानं खोटं म्हटलं तवा मी तुझ्याकडं आले. आता तू खोटं लिहिलंस तर कुणाकडं जाऊ?"

मी म्हणाले, हे खोटं नाही, विक्रीची पद्धत आहे. तू म्हणालीस, "ती पोरगी आजाचं नाव लपवती. तू माझ्या मेंढरांचं लपवतीस. लाज तुमाला वाटती, आन् लपायचं आमी?"

दुसऱ्या दिवशी मी कर्वेनगर ते शनिवार पेठ सगळी दुकानं पालथी घातली. वाट्या परत घेतल्या नाहीत. प्रत्येक वाटीवर काळ्या पेनानं, लेबलाच्या वर, 'मेंढीचं' लिहिलं. शनिवारातल्या मालकांनी विचारलं, "हा काय नवीन उद्योग?" मी म्हटलं, "चूक दुरुस्त करतेय." एवढं मी त्यांना म्हणू शकले. तुला नाही म्हणू शकले. नवीन लेबलं आली, तू त्यावर अंगठा फिरवलास आणि या वेळी मला प्रत्येक अक्षर दाखवायला लावलंस. त्या एका शब्दावरून तू वाचायला शिकलीस. पहिला शब्द 'मेंढीचं', दुसरा स्वतःचं नाव. माफी मात्र मी मागितली नाही, आणि तू कधी वाट बघतेयस असं दाखवलं नाहीस. आज मागते. उशीर झाला आहे हे मला कळतं.

खप कमी होईल हे माझं भाकीत काही महिने खरं ठरलं. मग खोटं ठरलं. लोक नाव घेऊन मागू लागले. आमच्या पेठेतल्या बायका, ज्या कुठल्याही गोष्टीत खोट काढल्याशिवाय विकत घेत नाहीत, त्या म्हणायला लागल्या, "निदान लिहिलंय ते तरी आहे."

त्यानंतरच्या वर्षांत आमची प्रयोगशाळा बंद झाली. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांची यंत्रं आली, आमच्या नळ्या-बाटल्यांचं काम उरलं नाही. स्वेच्छानिवृत्तीचं पत्र हातात घेऊन मी गाळ्यावर आले आणि रडले. तू पत्र बघितलंस, त्यातलं माझं नाव तेवढं वाचलंस आणि म्हणालीस, "बरं झालं. आता आमचं बघ." लोकांनी माझं सांत्वन केलं, देव देव कर म्हणाले, सहलीला जा म्हणाले. तू मला काम दिलंस. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू झालेली ती माझी दुसरी नोकरी पहिलीपेक्षा लांब चालली. पहिल्या नोकरीत मी दुसऱ्यांचं दूध तपासत होते. तुझ्याकडे मी बेचाळीस घरच्या बायकांना तपासायला शिकवलं. एखादी दहावी नापास सून आयोडिनची बाटली हातात धरून ठामपणे 'शुद्ध' म्हणते, तेव्हा मला जे वाटतं ते आणखी कशानं वाटलेलं नाही.

आणि मग हिंजवडी. ज्या रानात तुझ्या मेंढ्या बसायच्या तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. एका कंपनीच्या उपाहारगृहाचं कंत्राट घेतलेले एक साहेब आपल्याकडे आले. त्यांना रोज दही हवं होतं, आपण तोवर कधी केलं नव्हतं एवढं, आणि बारा महिने. आपलं दूध चार-पाच महिन्यांचं. तुझ्या बापूनंच विचारलं, "उरलेल्या दिवसांत काय करायचं?" साहेब म्हणाले, "गाईचं घाला थोडं. कोणाला कळतंय?"

सभा गावच्या देवळासमोर भरली. बापू तुझ्याविरुद्ध बोलला. चांगलं बोलला. माळरानं संपत चाललीत, प्लॉट पडतायत, हिंडायला जागा नाही, पोरांच्या शाळा बुडतात. आता मोठं गिऱ्हाईक दारात आलंय तर आई अडून बसलीय. निम्म्या माना हलल्या. खरं सांगू, माझीही हलली.

तू उठलीस. "बापू म्हणतो ते सगळं खरं हाय," म्हणालीस. "रानं गेली. ती काय मी परत आणू शकत न्हाई. पन त्या डब्यावर जे लिवलंय, ते खरं ठेवणं माझ्या हातात हाय. कुणाला कळतंय म्हणं. ताईच्या नळीला कळतंय. ह्या बायांना कळतंय. मला वाचाय येतंय आता, मला कळतंय."

हात वर झाले. तीन मतांनी तू जिंकलीस. दोन घरं संस्था सोडून गेली आणि बापू महिनाभर तुझ्याशी कामापुरतंच बोलला. दुसऱ्या दिवशी मला म्हणालीस, "चल, त्या सायबाच्या वरचा कोण असंल त्याच्याकडं."

कंपनीच्या फाटकावर आपल्याला अडवलं. रखवालदारानं विचारलं, "कोणाकडे जायचंय? ओळखपत्र?" तू बोटानं आत दाखवलंस. "ती कारंजी हायत ना, तिथं माझा वाडा असायचा. चुली मांडायचो आमी." वाडा म्हणजे तुमचा तळ, हे त्याला काय कळणार? त्याला वाटलं बाई जमिनीची जुनी मालकीण आहे. त्यानं खुर्ची दिली.

आत घ्यायला वैशाली आली. तीच. आता त्याच कंपनीत नोकरीला होती, गळ्यात पट्टी आणि पट्टीला फोटो. तिनंच वरच्या बाईंची वेळ मिळवून दिली होती. त्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांनीही तेच विचारलं. "आम्हाला सप्लाय वर्षभर लागतो, त्याचं काय?"

"आंबा वर्षभर मागता का?" तू विचारलंस.

"नाही. पण..."

"आंब्याची वाट बघता. तशी ह्याची बघा."

बाईंनी समोरच्या कॅलेंडरची पानं उलटली. मग वैशालीकडे वळून म्हणाल्या, "सीझनल म्हणून ठेवू या."

वैशालीनं पुढचं काम केलं. तिनं इच्छुकांची यादी केली आणि कळप पुण्याच्या बाजूला आले की ती त्यांना ईमेल पाठवायची. मजकूर तू सांगायचीस, ती टाइप करायची. 'मेंढरं पौडाला आली. कोकरं चांगली हायत. सोमवारपासून दही.' तिनं विचारलं, "मावशी, जरा प्रोफेशनल लिहू का?" तू म्हणालीस, "ह्यात काय चुकीचं हाय का?" तिनं तसंच पाठवलं. वर्षानुवर्षं तसंच जातं. वातानुकूलित खोल्यांत बसलेली ती पोरं मेंढ्या कुठपर्यंत आल्या हे एकमेकांना विचारू लागली. आणि वैशालीनं त्या पहिल्या ईमेलखाली स्वतःहून एक ओळ घातली होती: 'माझे आजोबा मेंढपाळ होते, म्हणून खात्रीनं सांगते, असंच असतं.' ती ओळ मी तुला वाचून दाखवली तेव्हा तू पदरानं तोंड पुसलंस आणि बराच वेळ तो खाली घेतला नाहीस.

सगळंच जुळलं असं नाही. आपलं शेवटचं भांडण तसंच राहिलं. गेल्या दोन वर्षांत मी म्हणत होते की आता मेंढ्या एका जागी बांधून पाळू. चारा पेरू, गोठा करू, दूध वर्षभर मिळेल, बायकांचे पाय थांबतील, पोरं एका शाळेत टिकतील. तू म्हणायचीस, "बांधलेली मेंढी दूध दील, पन काय खाल्लंय त्याची चव कुठनं आणशील?" मी म्हणायचे, चव राहू दे, सुनेचे गुडघे बघ. यावर तू स्वतःचे गुडघे चोळायचीस, कारण तेही गेले होते. जानेवारीत भेटलो तेव्हा म्हणालीस, "तुझं समदं चूक न्हाई. पन मी असेपातूर नको." मी चिडून म्हटलं, "मग तू असेपर्यंत थांबायचं का आम्ही?" असं बोलायला नको होतं. तू हसलीस. "थांब की. लई दिस न्हाई."

अजूनही मला वाटतं माझं म्हणणं बरोबर आहे. तू गेलीस म्हणून ते बदलणार नाही, आणि बदललं असतं तर तुलाच आवडलं नसतं. पण सुरेखा, तुझी सून, आता अध्यक्ष झाली आहे. तिचे गुडघे, तिचा निर्णय. मी फक्त विचारलं तर सांगेन.

तू गावी थांबावंस असं सगळे म्हणत असताना यंदाही टेम्पोत बसून पौडच्या तळावर गेलीस. पहाटे सुरेखानं चहा पुढे केला तर तू उठली नाहीस. झोपेतच. बापूचा फोन आला आणि मी रिक्षानं निघाले. पोचले तेव्हा ऊन नुकतं अंगावर आलं होतं. तुला पालाबाहेर घोंगडीवर ठेवलं होतं. शेजारच्या तळांवरच्या बायका आल्या होत्या, पण तुझ्याभोवती बसायच्या आधी त्या मेंढ्यांत गेल्या. घरात सुतक, म्हणून तुमच्या कळपाच्या धारा त्यांनी काढल्या. ते दूध त्यांनी कोकरांसाठीच ठेवलं. आपापल्या घरचं दूध मात्र रोजच्यासारखं गाळून कॅनमध्ये भरलं. एकीनं डोळे पुसत पुसत बाटलीतला थेंब टाकून बघितला, मान हलवली आणि झाकण लावलं. मी तिथे उभी राहून हे बघत होते. मला रडू येत होतं, आणि इतका अभिमान वाटत होता की तो मला दडवता येईना.

तुला गावी न्यायला गाडी आली. माळावरून सडकेपर्यंत एकच अरुंद वाट. दुधाचा टेम्पो आधीच त्या वाटेवर उभा. टेम्पोवाल्यानं टोपी काढली आणि गाडी बाजूच्या खडकावर चढवायला लागला. "आधी आक्कांना जाऊ दे," तो म्हणाला. बापूनं मान हलवली.

सुरेखा तुझ्या उशाशी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "न्हाई. आधी दूध जाऊ द्या. ऊन चढतंय."

टेम्पो गेला. धूळ खाली बसली. मग आम्ही तुला उचललं.